उतारावरचे परडे

घरापुढचे अंगण चार लोकांचे आणि घरामागचे परडे घरच्या माणसांचे, ही वाटणी आपल्या प्रांतात कोणी लिहून ठेवलेली नाही. तरी ती सर्वांस ठाऊक आहे. अंगणात तुळस असते, पाहुणे असतात, लग्नाचा मांडव असतो. परड्यात न्हाणीचे पाणी जाते, केळीचा गड्डा वाढतो, अळू माजते आणि आलेगेले कोणी तिकडे पाहत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनीही या परड्याकडे पाहिलेले नाही. देवालये, किल्ले व दरबार यांच्यावर ग्रंथ झाले. परड्याच्या वाट्यास दोन ओळीही आल्या नाहीत. त्यातून ते परडे उताराचे असले म्हणजे खरेदीखतात त्याची बोळवण ‘मागील पडीक जागा’ एवढ्या तीन शब्दांत होते. आम्ही कायद्याच्या धंद्यातले; बागाइतीत आमचा हात नाही. पण जमिनीच्या तंट्यांची कागदपत्रे चाळताना या तीन शब्दांनी किती कुटुंबांत वैर आणले हे पुष्कळदा नजरेस आले, म्हणून त्यांच्यामागचा इतिहास शोधावा असे वाटले.

खानापुराहून लोंढ्याकडे निघाले की वाटेत गुंजी लागते. माउलीचे देवस्थान म्हणून हे गाव पंचक्रोशीस परिचित आहे. येथवर आलेल्या वाचकाने एक गोष्ट पाहिली असेल : बेळगावची सपाट, मोकळी जमीन मागे पडते आणि भुई लाटेसारखी वरखाली होऊ लागते. रान दाट होते, माती तांबडी होते, आणि घरे सपाटीवर न राहता टेकाडाच्या कुशीस टेकून बसतात. याच खानापूर तालुक्यात कणकुंबीस मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे कृष्णेला मिळण्यास जाते. याच तालुक्यातल्या रानात म्हादई उगम पावते व पश्चिमेस गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यात पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. अशा मुलखात पाणी कोणत्या बाजूस वळेल हा प्रश्न शेतकऱ्यास, घरधन्यास आणि पुढेमागे न्यायाधीशासही टाळता येत नाही.

हा मुलूख जुना आहे. गुंजीपासून फार दूर नसलेले हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेल्या पाचव्या-सहाव्या शतकांतील ताम्रपटांत ‘निवर्तन’ या मापाने मोजून दिलेल्या जमिनींचे उल्लेख येतात. म्हणजे जमीन मोजून, सीमा ठरवून देण्याची रीत येथे दीड हजार वर्षे तरी मुरलेली आहे. परंतु सीमा ही आडवी रेघ असते. उतारावरची जमीन मात्र उभी असते. तिच्या वरच्या कडेस जे घडते ते खालच्या कडेस उतरते, आणि ही गोष्ट कोणत्याही मापात बसत नाही.

उतार समजून घ्यावयाचा तर आधी त्याच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. आपल्याकडचा तांबडा दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने १८०० साली मलबारात अंगाडिपुरम येथे तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तान्तात त्यास ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. नाव यथार्थ आहे. जांभा भुईत असताना कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वर काढून वारा लागला की कठीण होतो. कोकण-गोव्यातील घरे, कुंपणे व विहिरी या चिऱ्यांच्या आहेत. मात्र जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाचे पाणी तो गाळणीसारखे आत सोडतो. त्याच्या खाली बहुधा चिकण, पांढरट-पिवळ्या मातीचा थर असतो. पाणी तेथवर पोचले की अडते, आणि ती माती साबणासारखी निसरडी होते. टेकाडाच्या पायथ्याशी जेथे हा थर उघडा पडतो तेथे झरे फुटतात. याच झऱ्यांवर आपल्या पूर्वजांनी बागा केल्या. आणि याच थराच्या निसरडेपणामुळे आज दरडी कोसळतात. बागेस जीवन देणारे पाणी आणि घर गाडणारे पाणी एकच आहे. त्याला वाट दिली की नाही, एवढ्यावर पुढचे सारे ठरते.

उताराचे परडे कसे करावे याचे उत्तर घाटाखाली, फोंडे, सांगे, सत्तरी या तालुक्यांतील कुळागरांत पुष्कळ पूर्वी दिले गेले. ‘कुळाचे आगर ते कुळागर’ अशी व्युत्पत्ती सांगतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तिसवाडी-साष्टी भागांतील देवालये पाडली गेली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते खाडी ओलांडून फोंडे महालात आली हा इतिहास वाचकांस सांगावयास नको. देवांबरोबर महाजनही आले, पुजारी आले, सेवेकरी आले. सपाट, खाडीकाठची खाजने मागे सोडून ही मंडळी डोंगराच्या कुशीत येऊन राहिली. कवळ्यास शांतादुर्गेचे आजचे देवालय अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शाहू महाराजांच्या काळी, नारो राम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ते डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि भोवती कुळागरे आहेत. ही विद्या देवांबरोबर आलेल्या मंडळींनी आणली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती तेथल्या मातीत राबणाऱ्यांची होती; नव्याने आलेल्यांनी ती पाहिली, घेतली, आणि नैवेद्याच्या नारळापासून विड्याच्या पानापर्यंत सारे देवकार्य तिच्यावर चालवले. देवालयाचा इतिहास सांगताना या राबणाऱ्या हातांचे नाव राहून जाते, हे आमच्या मते बरे नव्हे.

कुळागराची रचना पाहू. डोंगराच्या माथ्यावर रान. कित्येक ठिकाणी ते देवाच्या नावाने राखलेले असते आणि तेथे कोयता चालत नाही. त्याखाली झर. झरीचे पाणी अडवून लहानसे तळे केलेले असते. तेथून पाट निघतो आणि उतारावर सरळ खाली न धावता आडवा, अंगाअंगाने जातो. उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. प्रत्येक पायरीच्या बाहेरच्या कडेस दगडाची मेर. वरच्या पायरीची तहान भागली की पाणी खालच्या पायरीवर उतरते, तेथून पुढच्या, आणि अखेर तळाच्या भातशेतात जाते. माड व पोफळी उंच. पोफळीवर मिरीचा वेल. त्यांच्या सावलीत केळ, जायफळ, भिरंड. आणि भुईसरशी आले, हळद, सुरण, अननस. वरून पडणारा पावसाचा थेंब चार थरांच्या पानांवर आपटून, शक्ती गमावून मातीस लागतो. आधुनिक शास्त्र ज्यास मृद्‌संधारण म्हणते ते हेच. पण कुळागर करणाऱ्याने त्यास वेगळे नाव दिले नव्हते. एका झरीवर अनेकांची कुळागरे असली तर पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असत, आणि वरच्याने पाळी चुकवली तर तंटा गावापुढे येई.

गोव्यातील गावसंस्थेचा आर्थिक पाया शोधताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कागदपत्रांइतकेच भूमीच्या चढउताराकडे लक्ष दिले. जुन्या काबिजादीतील गावांवरचा त्यांचा लेख १९४७ साली प्रसिद्ध झाला व पुढे १९६२ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात समाविष्ट झाला. तो वाचकांनी अवश्य वाचावा. त्याआधी १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या चालीरीतींची जी सनद नोंदवली, तिच्यातही गावची पडीक जमीन लागवडीस देण्याविषयी कलमे आहेत. राज्यकर्ता बदलला तरी पडीक जमीन लागवडीस आणण्याच्या चालीरीती त्यास जुन्याच नोंदवाव्या लागल्या, हे यावरून दिसते.

घाटावरचा दाखला याहून बोलका आहे. गुंजीच्या दक्षिणेस, जिल्ह्याची हद्द ओलांडली की उत्तर कन्नड लागतो. १८०१ साली बुकॅनन शिरसी-यल्लापूर भागातून गेला व तेथल्या हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीबागांचे वर्णन त्याने केले. या बागा अरुंद दऱ्यांत असतात. दोन्ही बाजूंच्या उतारांवर रान असते. पुढे इंग्रजी अमलात जंगलाचे कायदे झाले तेव्हा सरकारपुढे प्रश्न आला की, बागाइतदारांना पालापाचोळा कोठून मिळावा? तेव्हा ‘बेट्ट’ म्हणून ओळखला जाणारा हक्क मान्य झाला. एका एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत वरचे रान पाल्यासाठी लावून देण्यात आले. पाला घ्यावा, झाड मुळापासून तोडू नये. या प्रमाणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. एक एकर बागेच्या पाठीशी नऊ एकर उतार उभा असतो, हे सरकारी दप्तरानेही मान्य केले होते. घरामागचे चार गुंठे साफ करून त्यावर हिरवळ पसरणाऱ्या आजच्या घरधन्यास या नऊ एकरांचा पत्ताही नसतो.

आता कायद्याकडे वळू. हा आमचा धंदाच आहे, तेव्हा वाचकांनी थोडे सोसावे. वरचा व खालचा यांचा तंटा नवा नाही. म्हैसुरात शामशास्त्र्यांनी १९०९ साली प्रकाशात आणलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात त्याचा विचार आहे. मागाहून बांधलेल्या खालच्या तळ्याने वरच्या तळ्याचे शेत बुडवू नये. वरच्या तळ्याने खालच्या तळ्यात भरावयाचे पाणी अडवू नये, मात्र खालचे तळे तीन वर्षे वापराविना पडले असेल तर गोष्ट वेगळी. घराचे सांडपाणी शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावरून न्यावे, न नेल्यास चौपन्न पण दंड. रोमन कायद्यातही वरच्याने आपल्या हातांनी पाण्याचा ओघ बदलला व खालच्याचे नुकसान झाले तर त्यावर दावा करण्याची स्वतंत्र सोय होती. त्याच परंपरेतून आलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत, वरून निसर्गतः येणारे पाणी खालच्या जमिनीने घेतलेच पाहिजे, असा दंडक आहे.

आपल्या बाजूस १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा आहे. मुंबई इलाख्यास, म्हणजे तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यासही, तो १८९१ साली लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणे प्रत्येक उतारवासीयाने वाचण्याजोगी आहेत. वरच्या जमिनीवर पडलेले व ठरावीक पात्रातून न वाहणारे पाणी खालच्याने आपल्या जमिनीवर निसर्गतः येऊ द्यावे, हे एक. प्रत्येक जमिनीस शेजारच्या व खालच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे, हे दुसरे. परंतु येथे एक मेख आहे. हा आधाराचा हक्क जमीन नैसर्गिक स्थितीत असेल तरच आहे. आणि जी खणलेली नाही व जिच्यावर कृत्रिम भार नाही तीच नैसर्गिक स्थितीतील जमीन, असे कायदाच सांगतो. वर तुम्ही घर बांधले, मातीचा भराव टाकून बागेची सपाटी केली, की तो कृत्रिम भार झाला. त्या भारास खालच्या शेजाऱ्याच्या मातीचा आधार हक्काने मिळावयाचा तर पंधराव्या कलमाप्रमाणे तो वीस वर्षे अखंड व निर्वेध मिळालेला असला पाहिजे. याचा अर्थ असा की, नव्या घराच्या खालच्या अंगास शेजाऱ्याने दहाव्या वर्षी खोदकाम केले, आणि तुमच्या भाराने तुमची बाग त्याच्या खड्ड्यात गेली, तर हा हक्क तुमच्या मदतीस येईलच असे नाही. हयगय सिद्ध करून नुकसानभरपाई मागण्याचा दुसरा रस्ता राहतो, आणि तो लांबचा आहे.

याच संदर्भात १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढलेला एक मद्रासी दावा आम्हांस नेहमी आठवतो. कार्वेतिनगरच्या जमीनदाराची तळी अतिवृष्टीने फुटली आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. विलायतेत रायलंड्‌स विरुद्ध फ्लेचर या दाव्यात १८६८ साली ठरले होते की, आपल्या जमिनीत साठवलेले पाणी निसटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर हयगय नसली तरी मालक जबाबदार. रेल्वेने तोच नियम पुढे केला. कौन्सिलने तो येथे लावला नाही. या देशात तळी पुरातन आहेत, लोकांचे जीवन त्यांवर अवलंबून आहे, आणि ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून हयगय दिसल्याशिवाय त्यास जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय झाला. हवामान आणि भूमी पाहून कायदा बदलावा लागतो हे विलायतेतल्या न्यायाधीशांनी मान्य केल्याचे हे ठळक उदाहरण. तथापि त्याची दुसरी बाजूही आहे. ते तळे राखलेले होते. त्याची निगा होती. आज उतारावर जो खोदतो तो काय राखतो?

कारण आता हत्यार बदलले आहे. कुदळ-फावड्याने एक मेर रचावयास उन्हाळा लागे. वर्षाकाठी एखादी पायरी होई, तिच्यावरून एक पावसाळा जाई, आणि भिंत कोठे फुगते, पाणी कोठे फुटते हे पाहून दुसरीस हात घालीत. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-जुन्नरकडे महादेव कोळी समाजात ‘पडकई’ नावाची चाल आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस चारदोन घरची माणसे मिळून आज याच्या, उद्या त्याच्या उतारावर दगड रचून भातखाचर पाडतात. काम सामाईक असल्यामुळे वरच्याचा बांध खालच्याच्या डोळ्यांदेखत होतो. त्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती भाग होता यावर मोठा वाद झाला. अतिवृष्टी हे कारण तर निर्विवाद होते. वादाचा निकाल आम्ही येथे देत नाही. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरजवळ इर्शाळवाडी, आणि १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे हमरस्त्याच्या कडेची डोंगरबाजू. यांपैकी प्रत्येक ठिकाणची कारणे सारखी नाहीत. महिना मात्र तोच आहे. मे महिन्यात यंत्राने उभा कापलेला उतार पाहिला की आम्हांस जुलै आठवतो.

गोव्यात हा धोका ओळखून १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात १९९७ साली १७-अ हे कलम घालण्यात आले. परवानगीवाचून डोंगर कापण्यास व सखल जागा भरण्यास त्याने मनाई आहे. पुढे २०२१ च्या प्रादेशिक आराखड्यात २५ टक्क्यांहून अधिक चढाची जमीन, म्हणजे चार हात पुढे जाता एका हाताहून अधिक उंच होणारी, विकासातून वगळण्याचे ठरले. कलम चांगले, पण तक्रार होईपर्यंत डोंगर कापून झालेला असतो, आणि कापलेला डोंगर कोणतेही न्यायालय पूर्ववत करून देऊ शकत नाही.

मग आज ज्याच्या घरामागे असा उतार आहे त्याने काय करावे? जुन्या मेरीच सांगतात. काम तळापासून आरंभावे, वरून नव्हे. वरची तांबडी-काळी माती आधी खरवडून बाजूस ठेवावी, कारण ती तयार व्हावयास पिढ्या लागल्या आहेत. पाणसळ लावून सपाटीची रेघ आखावी, आणि भिंत त्या रेघेने वळू द्यावी. नकाशासाठी तिला सरळ करू नये. पाया घट्ट भुईपर्यंत न्यावा, बुंध्यास भिंत रुंद ठेवावी, आणि तिचा कल डोंगराकडे असावा. मधूनमधून एक लांब दगड आरपार जाऊ द्यावा. मागे मातीऐवजी दगडांच्या कपच्या भराव्यात, म्हणजे पाणी तेथून झिरपून जाईल. सिमेंटची गुळगुळीत भिंत दिसावयास ठीक. पण तीत पाणी जाण्यास भोके ठेवली नाहीत तर तिच्यामागे तळे साचते व पहिल्या मोठ्या पावसात ती उलथते. चुना-मातीशिवाय दगड रचण्याची कला युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या वारशात नोंदवली. ती नोंद तेव्हा युरोपातील आठ देशांच्या नावे झाली. आमच्या मेरींची नोंद कोणी मागितली नाही. पेरूतल्या माचू पिच्चूच्या पायऱ्यांतही सुपीक मातीखाली खडीचे थर आहेत. हजारो कोसांवरच्या गवंड्यास तीच अक्कल सुचली.

आपल्यासारख्या बहुवृष्टीच्या मुलखात पायरीचा तळ किंचित आतल्या अंगास झुकता ठेवावा आणि आतल्या कडेने चर काढून पाणी बाजूच्या दगडी उतरणीवर न्यावे. मेरीच्या डोक्यावर वाळा लावावा. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ दोनतीन मीटर खाली उतरतात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी या गवताचा देशोदेशी प्रसार केला. दक्षिण कर्नाटकातील शेतकरी ते बांधांवर आधीपासून लावीत होते. आपण मात्र त्यास केवळ माठात घालावयाची सुगंधी जुडी समजतो. मोठे झाड भिंतीच्या अगदी कडेस नको, आणि माथ्यावरचे आहे ते तोडू नये.

एवढे करूनही एक काम उरते, आणि ते कुदळीचे नसून लेखणीचे आहे. आपल्याकडील खरेदीखतांत चतुःसीमा असतात : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. पाणी कोठून येते व कोठे जाते याचा उल्लेख शंभरांत एखाद्या खतात आढळतो. उताराची जमीन घेणाऱ्याने नकाशावर पाटाची वाट, झरीची जागा, मेरींची उंची व वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची त्यास संमती लिहून घ्यावी, आणि ते खत रीतसर नोंदवावे. नोंदणीचा खर्च एका दगडी भिंतीच्या मानाने काहीच नाही, आणि मे महिन्यात हे काम उरकले तर जुलैपूर्वी शेजाऱ्याशी बोलण्यास अजून एक महिना हाती राहतो.